पामोलिनच्या दाखल्यावरील ‘मिनरल ऑइल : निगेटिव्ह’ आणि निर्यातीची अट

परभणी जिल्ह्यातील एका फरसाण कारखान्याच्या चालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते तळणीसाठी रिफाइंड पामोलिन, म्हणजे पामतेलाचा पातळ भाग, टँकरने मागवतात, शेव आणि चिवडा तयार करतात आणि दोन वर्षांपासून त्यातील काही माल जर्मनीला जातो. गेल्या महिन्यात तिकडच्या आयातदाराने शेवेच्या एका लॉटची विक्री थांबवली, कारण प्रयोगशाळेला तिच्यात ‘मोआ’ नावाचा खनिज तेलाचा अंश किलोमागे १.६ मिलीग्रॅम आढळला. इकडे पामोलिनच्या पुरवठादाराने प्रत्येक टँकरसोबत दिलेल्या दाखल्यावर मात्र ‘मिनरल ऑइल : निगेटिव्ह’ असे छापलेले आहे. तेव्हा खोटे कोण बोलत आहे, पामतेल सोडून लातूरचे सोयाबीन तेल घेतले तर सुटका होईल का, आणि कायद्याने ही जबाबदारी कोणाची, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. तेलशुद्धीकरण आणि तळणी या दोन कामांत माझी २७ वर्षे गेली आहेत आणि हाच पेच मी मराठवाड्यातल्या चार-पाच कारखान्यांत पाहिला आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

पहिली गोष्ट म्हणजे खोटे कोणीही बोलत नसण्याची शक्यता मोठी आहे. दोन्ही कागद खरे असू शकतात, कारण दोघांनी मोजलेली गोष्ट एक असली तरी मोजण्याचे माप वेगळे आहे. आपल्याकडे दाखल्यावर जे ‘निगेटिव्ह’ येते ते बहुतेक वेळा होल्डे चाचणीचे असते. ही चाचणी मी स्वतः हजारो वेळा केली आहे. अल्कोहोलमधील पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या २५ मिलीलीटर द्रावणात १ मिलीलीटर तेल घ्यायचे, कंडेन्सर लावून पाणबाथवर उकळायचे, द्रावण नितळ झाले की रुंद तोंडाच्या गरम परीक्षानळीत ओतायचे आणि कडेने अलगद २५ मिलीलीटर उकळते डिस्टिल्ड पाणी सोडायचे. खाद्यतेलाचा साबण झालेला असतो, तो पाण्यात विरघळतो. खनिज तेलाचा साबण होत नाही, त्यामुळे ते असेल तर नळीत दुधाळ गढूळपणा येतो. कोणी पैशाच्या लोभाने तेलात मुद्दाम खनिज तेल मिसळले असेल तर ते पकडण्यासाठी ही चाचणी आहे आणि त्या कामात ती आजही उपयोगी आहे. पण तिचा निकाल डोळ्यांनी दिसणाऱ्या गढूळपणावर अवलंबून असल्यामुळे ती टक्क्यांच्या भाषेत बोलते, आणि आयातदार बोलतो ती भाषा दहा लाख भागांतल्या एका-दोन भागांची आहे. भुसार मालाचा मोठा वजनकाटा सोन्याची अंगठी ठेवल्यावर शून्यच दाखवणार, तसेच हे आहे.

आता आयातदार मोजतो काय ते पाहू. खनिज तेलाचे दोन भाग केले जातात. संपृक्त हायड्रोकार्बनांचा भाग म्हणजे ‘मॉश’ आणि ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझिनसारखी वलये असलेल्या हायड्रोकार्बनांचा भाग म्हणजे ‘मोआ’. मॉश शरीरात साठते. माणसाच्या यकृतात, प्लीहेत, लसिकाग्रंथींत आणि चरबीत ते आढळलेले आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये या विषयावर पहिले सविस्तर मत दिले आणि २०२३ मध्ये ते सुधारले. सध्या आहारातून जेवढे मॉश पोटात जाते त्याने आरोग्याला चिंता नाही, असे या सुधारित मतात म्हटले आहे, पण तीन किंवा अधिक वलयांच्या मोआबद्दल मात्र अशी ग्वाही दिलेली नाही, कारण त्यांतील काही संयुगे पेशीच्या जनुकद्रव्याला इजा करून कर्करोगाला कारण होऊ शकतात. म्हणूनच तिकडची सगळी सक्ती मोआवर एकवटली आहे.

ही सक्ती कोणत्या कागदावर उभी आहे हेही नीट समजून घ्यावे, कारण इथे बरेच जण गोंधळतात. २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या वनस्पती, प्राणी, अन्न व पशुखाद्यविषयक स्थायी समितीत सदस्य देशांनी एक समान भूमिका घेतली. चार टक्क्यांपर्यंत स्निग्धांश असलेल्या कोरड्या पदार्थांत मोआ किलोमागे ०.५ मिलीग्रॅम, चार ते पन्नास टक्के स्निग्धांशाच्या पदार्थांत १ मिलीग्रॅम, आणि तेले, चरबी व पन्नास टक्क्यांहून अधिक स्निग्धांशाच्या पदार्थांत २ मिलीग्रॅम, या पातळ्यांना किंवा त्यांच्या वर मोआ आढळले तर तो माल बाजारातून काढून घ्यायचा, असे ठरले. हे आकडे म्हणजे ‘एवढे खाल्ले तरी चालेल’ अशी परवानगी नव्हे. चांगल्या प्रयोगशाळेने जिथपर्यंत खात्रीने मोजले पाहिजे ती ही खालची पातळी आहे, आणि तिथे मोआ दिसले की असुरक्षित अन्न बाजारात आणू नये या त्यांच्या मूळ अन्नकायद्याचे, म्हणजे २००२ च्या १७८ क्रमांकाच्या नियमनाचे चौदावे कलम लागू केले जाते. आपल्या शेवेत साधारण ३५ ते ४० टक्के तेल असते, म्हणून तिला १ मिलीग्रॅमची पातळी लागली आणि १.६ ला माल थांबला.

आपल्याकडील खाद्यतेलांच्या मानकाची भाषा वेगळी आहे. तेल स्वच्छ असावे, खवटपणा, परके पदार्थ, वेगळे झालेले पाणी, बाहेरून घातलेले रंग-स्वाद किंवा खनिज तेल यांपासून मुक्त असावे, असे ते सांगते. त्यात मॉश-मोआ अशी विभागणी नाही. ही भाषा सौम्य आहे असे समजणे मात्र चूक ठरेल. ‘मुक्त असावे’ या शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर ती युरोपहून कडक आहे. कमतरता आहे ती मोजण्याच्या पद्धतीत.

प्रमाण किती लहान आहे याची कल्पना आली की बाकीचे सगळे आपोआप समजते. २५ टनांच्या टँकरमध्ये किलोमागे २ मिलीग्रॅम मोआ म्हणजे एकूण ५० ग्रॅम. साध्या, अशुद्ध खनिज वंगणात चौथा हिस्सा मोआ आहे असे धरले तर अख्खा टँकर नापास व्हायला सुमारे २०० ग्रॅम वंगण पुरते, म्हणजे पाणी प्यायचा स्टीलचा एक पेला. एवढे तेल पंपाच्या एका फाटक्या सीलमधून एका रात्रीत जाऊ शकते, आणि त्याचा वास, रंग किंवा चव कोणालाही कळत नाही.

हा पेला वाटेत कुठे सांडतो? इंडोनेशिया किंवा मलेशियातील पामच्या मळ्यापासून परभणीपर्यंत बरीच ठिकाणे आहेत. फळांचे घड उचलणाऱ्या गाड्यांचे हायड्रॉलिक होज फुटतात. मिलमधील स्क्रू प्रेस आणि त्याचा हायड्रॉलिक संच सतत वंगणात चाललेला असतो. मिलच्या फरशीवर सांडलेले आणि सांडपाण्याच्या हौदावर तरंगणारे तेल गोळा करून पुन्हा मुख्य तेलात मिसळले जाते, तेव्हा त्या फरशीवरचे ग्रीससुद्धा त्याच्याबरोबर जाते. माझ्या मते मिलच्या पातळीवरचा हा सर्वांत घातक प्रकार आहे, कारण तो अपघात नसून रोजची पद्धत असते. जहाजाच्या टाकीतील पंप बऱ्याचदा हायड्रॉलिक तेलाच्या दाबावर फिरतात आणि त्यांची सीले गेली की ते तेल मालात उतरते. टाकीत आधी काय वाहून आणले होते हा प्रश्न तर जुनाच आहे. युरोपात अन्नाचे द्रव सुटे वाहून नेणाऱ्या टाक्या केवळ अन्नासाठीच राखाव्या लागतात. समुद्रमार्गे येणाऱ्या तेलांना मर्यादित सवलत आहे आणि टाकीत आधी कोणता माल चालतो याची यादी २०१४ च्या ५७९ क्रमांकाच्या नियमनात दिलेली आहे. तेल-तेलबियांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराची संघटना असलेल्या फोस्फाच्या करारांतही आधीच्या मालाच्या अशा याद्या असतात.

जमिनीवरच्या टँकरची गोष्ट याहून नाजूक. जुलै २०२४ मध्ये चीनमध्ये ‘बीजिंग न्यूज’ या वृत्तपत्राने उघड केले की कोळशापासून तयार केलेले इंधन वाहणारे टँकर न धुताच खाद्यतेल भरायला जात होते. आपल्याकडे असे होत नाही असे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यात मराठवाड्याची स्वतःची एक अडचण आहे. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पहाटे पारा दहा अंशांखाली जातो, पामोलिन टँकरच्या तळाशी आणि वॉल्व्हच्या नळीत थिजते, आणि माल लवकर रिकामा करून परतीचे भाडे धरायची घाई असलेला ड्रायव्हर डिझेलमध्ये बुडवलेल्या चिंधीचा टेंभा वॉल्व्हखाली धरतो. मी हे दोनदा स्वतः पाहिले आहे. एकदा तर तीच चिंधी विझवून त्याच माणसाने वॉल्व्हचे तोंड पुसले आणि लगेच होज जोडला. त्या ड्रायव्हरला दोष देण्यापेक्षा तिथे गरम पाण्याची नळी आणि स्वच्छ कापड कारखान्याने ठेवले पाहिजे होते, हे मी तेव्हाही सांगितले आणि आजही सांगतो.

मात्र आपला प्रश्न वाचून माझ्या मनात पहिली शंका टँकरची आली नाही. ती आली आपल्या फ्रायरची, आणि तिला कारण साधे गणित आहे. शेवेत ३६ टक्के तेल धरू. शेवेतील १.६ मिलीग्रॅम मोआ पूर्णपणे पामोलिनमधूनच आले असेल तर त्या पामोलिनमध्ये किलोमागे सुमारे ४.४ मिलीग्रॅम मोआ असले पाहिजे. आयात केलेल्या, नीट शुद्ध केलेल्या तेलात एवढे असू शकत नाही असे मी म्हणत नाही, पण २ मिलीग्रॅमच्या काठावरचे तेलसुद्धा शेवेत फक्त ०.७ च्या आसपास भर घालते. उरलेले कुठून आले, हा प्रश्न मग कारखान्याच्या आतच विचारावा लागतो.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातीलच एका कारखान्यात मला अशाच कामासाठी बोलावले होते. तिथे तीन टँकर परत पाठवून झाले होते, पुरवठादार बदलून झाला होता, दोन्ही बाजूंनी वकिलांच्या नोटिसा निघाल्या होत्या आणि तरीही शेवेत मोआ येतच होते. फ्रायर सलग पद्धतीचा होता. तळणीचे तेल बाहेरच्या हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे नळ्यांच्या भिंतीतून उष्णता घेणाऱ्या यंत्रातून, फिरत होते आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला थर्मिक फ्लुइड, म्हणजे उष्णता वाहून नेणारे तेल होते, जे भुश्शाच्या विटांवर चालणाऱ्या हीटरमध्ये तापत होते. मी हीटरच्या खोलीत गेलो आणि तिथल्या ऑपरेटरला विचारले की वरच्या एक्स्पान्शन टाकीची, म्हणजे तापून फुगलेले थर्मिक फ्लुइड सामावणाऱ्या टाकीची, पातळी उतरते का. तो अगदी सहज म्हणाला, “उतरतीय की सायेब, आठवड्याला एक कॅन टाकावंच लागतंय.” पंपाच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून गळत असेल असे समजून तो पाच लीटरचा कॅन ओतत होता. खाली फरशी कोरडी होती. आठवड्याला पाच लीटर तेल जात होते आणि जमिनीवर एक थेंब नव्हता, म्हणजे ते कुठे जात होते हे सांगायला प्रयोगशाळेची गरजच उरली नव्हती. आम्ही एक्स्चेंजर रिकामा केला, एका बाजूने हवेचा दाब दिला आणि नळ्यांच्या वेल्डिंगवर साबणाचे पाणी फिरवले. एका नळीच्या तोंडाशी मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. भेग नुसत्या डोळ्यांना दिसतच नव्हती.

थर्मिक फ्लुइडचा पंप काही बार दाबाने चालतो आणि तळणीच्या तेलाच्या बाजूला दाब कमी असतो, त्यामुळे भेग पडली की गळती नेहमी तेलाच्याच दिशेने होते. रिफायनरीत तर परिस्थिती आणखी प्रतिकूल असते. डीओडरायझरमध्ये, म्हणजे तेलाचा वास काढणाऱ्या यंत्रात, २४० ते २६० अंश तापमान आणि काही मिलीबारचा निर्वात असतो. तिथे थर्मिक फ्लुइडची नळी चिरली तर ते आत अक्षरशः ओढले जाते. याच कारणाने चांगल्या रिफायनऱ्यांनी डीओडरायझरसाठी थर्मिक फ्लुइड सोडून उच्च दाबाची वाफ घेतली, कारण त्या नळीला भेग पडली तरी आत येणार ते पाणीच. आपल्या पुरवठादाराला पहिला प्रश्न हाच विचारा : डीओडरायझर वाफेवर आहे की थर्मिक फ्लुइडवर? थर्मिक फ्लुइडवर असेल तर टॉप-अपचे, म्हणजे वरून किती फ्लुइड भरले याचे रजिस्टर दाखवा, असे सांगा. काही कृत्रिम थर्मिक फ्लुइड तर जवळजवळ संपूर्ण ॲरोमॅटिक असतात, म्हणजे त्यांचा थेंबन्‌थेंब मोआच्या खात्यात जमा होतो.

‘फूड ग्रेड’ वंगणाबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. एच-१ वर्गाचे, म्हणजे चुकून अन्नाला लागले तरी चालेल असे वंगण वापरणे योग्यच आहे आणि ते न वापरणाऱ्या फ्रायरच्या साखळीवर मी सही करणार नाही. पण त्यातील पांढरे खनिज तेल मोआपासून जवळजवळ मुक्त केलेले असले तरी ते स्वतः मॉशच असते. ते गळले तर अहवालात मॉश वाढलेले दिसणारच, आणि आयातदाराने मॉशचीही मर्यादा करारात घातली असेल तर ‘वंगण फूड ग्रेड होते’ हे उत्तर पुरणार नाही.

आता शोध कसा घ्यायचा. एकच तयार मालाचा नमुना पुन्हा पुन्हा तपासून काही हाती लागत नाही, हे मी पैसे वाया गेलेले पाहून सांगतो. एकाच दिवसाच्या उत्पादनातून पायरीपायरीने नमुने घ्या : टँकर उघडल्यावर वॉल्व्ह पुसून वर, मध्ये आणि तळाशी, साठवण टाकीतून, फ्रायरमधून सकाळी आणि संध्याकाळी, तळायच्या आधीच्या बेसनाचा आणि मसाल्याचा, आणि पॅक झालेल्या शेवेचा. त्यासोबत थर्मिक फ्लुइडची आणि साखळीच्या वंगणाची छोटी बाटलीही वेगळ्या पार्सलने पाठवा, म्हणजे प्रयोगशाळेला आलेख शेजारी ठेवून ओळख पटवता येते. नमुना हेक्झेनने धुतलेल्या तपकिरी काचेच्या बाटलीत घ्यावा, झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल असावी, प्लास्टिकची बरणी किंवा रबरी बूच नको, आणि नमुना घेणाऱ्याच्या हाताला ग्रीस तर नकोच, पण व्हॅसलीन किंवा क्रीमही नको. व्हॅसलीन हे शुद्ध मॉशच आहे आणि थंडीत तडकलेल्या हातांवर ते आपल्याकडे घरोघरी असते. तेलाचे नमुने कसे घ्यावेत यासाठी आयएसओ ५५५५ हे मानक आहे, त्याप्रमाणे घेतल्याची नोंद ठेवली तर पुढे वाद होत नाही.

प्रयोगशाळा निवडताना ‘तुम्ही मॉश-मोआ करता का’ एवढेच विचारू नका. द्रव क्रोमॅटोग्राफी आणि वायू क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्याच्या दोन पद्धती, एकमेकांना जोडलेले यंत्र लागते, आणि पद्धत कोणती व तिची खालची मर्यादा किती हा खरा प्रश्न आहे. युरोपचे २०१७ चे ईएन १६९९५ हे मानक किलोमागे १० मिलीग्रॅमच्या वरच भरवशाचे आहे; त्या पद्धतीचा ‘१० पेक्षा कमी’ असा अहवाल २ मिलीग्रॅमच्या अटीपुढे कोरा कागद ठरतो. वनस्पती तेलांसाठी खालच्या पातळीवर मोजणारे आयएसओ २०१२२ हे मानक २०२४ मध्ये आले, त्याप्रमाणे अहवाल मागा. पामतेलात आणखी एक पेच असतो. त्यातील कॅरोटीन आणि स्क्वालीन ही नैसर्गिक द्रव्ये मोआच्याच भागात उतरतात. त्यांना आधी इपॉक्सिडेशन या रासायनिक प्रक्रियेने बाजूला केले नाही तर निर्दोष तेलही दोषी ठरते. कच्च्या पामतेलाचा तांबूस रंग ज्या कॅरोटीनमुळे येतो तेच इथे आड येते. काठावरचा किंवा संशयास्पद आकडा आला तर द्विमितीय वायू क्रोमॅटोग्राफीने खात्री करून मागा. तिच्यात वलयांच्या संख्येप्रमाणे मोआ वेगळे करून पाहता येते.

अहवालाचा आकडा पाहून थांबू नका, आलेखही मागवा. त्यात खनिज तेल टोकदार शिखरांच्या रूपात न दिसता एका पसरट उंचवट्यासारखे दिसते. डिझेलचा उंचवटा आलेखाच्या सुरुवातीला, हलक्या भागात असतो. वंगणाचा आणि हायड्रॉलिक तेलाचा मागे, जड भागात. मॉश भरपूर आणि मोआ शून्य असेल तर पांढरे तेल, फूड ग्रेड ग्रीस किंवा पॅकिंगच्या प्लास्टिकमधून आलेले तत्सम पदार्थ यांच्याकडे पाहा. मॉशच्या जोडीला पाव हिस्सा मोआ असेल तर डिझेल, इंजिन ऑइल किंवा ज्यूटचे तेल.

ज्यूटचे तेल हा शब्द वाचून काहींना आश्चर्य वाटेल. तागाचे धागे मऊ करून विणता यावेत म्हणून गिरणीत त्यांच्यावर बॅचिंग तेल मारतात आणि ते पारंपरिकपणे खनिज तेलच असते. नव्या बारदानाला जो रॉकेलसारखा वास येतो तो त्याचाच. शेंगदाणे, हरभरा डाळ, पोहे अशा बारदानात महिनोन्‌महिने राहिले की ते तेल मालात उतरते, आणि शेंगदाण्यासारखा तेलकट दाणा ते चांगले शोषून घेतो. कोको, कॉफी, सोललेले दाणे यांच्यासाठी हायड्रोकार्बनमुक्त बारदानाचे आंतरराष्ट्रीय मानक फार पूर्वीच झाले. आपल्या चिवड्यातील शेंगदाणे मोंढ्यातून कोणत्या पोत्यात येतात ते एकदा पाहा. साठवण टाकीपर्यंत तेल निर्दोष आणि चिवड्यात मोआ शेवेपेक्षा जास्त, असे निघाले तर उत्तर तिथेच आहे. रद्दी कागदाच्या पुठ्ठ्याचे खोकेही छपाईच्या शाईतून हेच देते. आत फॉइलचे पाकीट असेल तर त्याची फार काळजी नको.

इथूनच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. पाम सोडून सोयाबीन तेल घेतल्याने सुटका होईलच असे नाही. युक्रेनहून युरोपात गेलेल्या सूर्यफूल तेलात २००८ मध्ये मोठ्या प्रमाणात खनिज तेल सापडले होते आणि तिथे पामचा संबंध नव्हता. आपल्याकडचे सोयाबीन ऑक्टोबरच्या अवकाळी पावसात भिजते, खळ्यावर जागा नसते, म्हणून शेतकरी ते डांबरी रस्त्यावर पसरतात. ट्रॅक्टर, ट्रक त्याच्यावरून जातात. मळणी यंत्राचे बेअरिंग दाण्यांच्या वाटेतच असते. वाळवण्यासाठी पक्के सिमेंटचे खळे गावोगावी झाले तर धान्याची प्रत आणि शेतकऱ्याचा भाव दोन्ही सुधारतील, पण आज स्थानिक तेल म्हणजे आपोआप शुद्ध तेल असे मानून करार करू नका. त्याचीही तीच चाचणी करा. आरएसपीओसारखे पामतेलाचे प्रमाणपत्र जंगल, जमीन आणि मजुरांविषयीचे आहे. ते असले म्हणजे मोआ नाही असा अर्थ होत नाही.

एकदा मिसळलेले खनिज तेल काढता येते का, असे पुरवठादार हमखास विचारतो. डीओडरायझरमध्ये हलका भाग, साधारण २४-२५ कार्बनपर्यंतचा, बराच उडून जातो. वंगणाचा जड भाग तसाच राहतो. तापमान वाढवून आणखी काढू गेलात तर ग्लिसिडिल एस्टर, म्हणजे तेल फार तापल्यावर तयार होणारी घातक संयुगे, वाढतात, आणि त्यांची युरोपातील मर्यादा खाद्यतेलांत किलोमागे १००० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक दोष घालवताना दुसरा ओढवून घेण्यासारखे होते. ‘पुन्हा रिफाइन करून देतो’ हे आश्वासन म्हणूनच स्वीकारू नये. जड उंचवट्याचे तेल अन्नासाठी संपलेच असे धरावे.

राहिला जबाबदारीचा प्रश्न. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम २६ प्रमाणे उत्पादकाने विक्रेत्याला मालाच्या प्रतीची लेखी हमी द्यायची असते आणि बिलसुद्धा हमी मानले जाते, त्यामुळे पुरवठादार पूर्ण हात झटकू शकत नाही. पण शेव आपण तयार केली आहे, आणि तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी उत्पादक म्हणून आपलीच आहे. कलम ८० मध्ये योग्य ती दक्षता घेतल्याचा बचाव आहे. तो बचाव उभा राहतो तो टॉप-अप रजिस्टर, टँकरच्या मागील तीन फेऱ्यांची नोंद, धुलाईचा दाखला, सील क्रमांक आणि राखून ठेवलेले नमुने यांच्यावर. ‘निगेटिव्ह’ छापलेल्या कागदांची फाइल त्या कामी येणार नाही. पामोलिनच्या पुढच्या करारात मोआ किलोमागे २ मिलीग्रॅमपेक्षा कमी, तपासणी आयएसओ २०१२२ प्रमाणे, नमुना दोघांसमोर उतरवून घेण्याच्या जागी, आणि टँकर केवळ खाद्यतेलासाठी राखलेला, असे शब्द घाला. माझा सल्ला विचाराल तर करारात २ ऐवजी १ लिहा, कारण आपल्या शेवेत बेसन, मसाला आणि फ्रायर यांचीही भर पडणार आहे आणि त्यांना जागा ठेवावी लागते. भाव थोडा चढा पडेल, तो पडू द्या.

आणि एक विनंती, जी आपण विचारलेली नाही. थांबवलेला लॉट परत आला तर तो इथल्या बाजारात स्वस्तात काढायचा मोह होईल. आपले लोक काय मोआ मोजणार आहेत, असे सांगणारे व्यापारीही भेटतील. तो विकू नका. आपला माल मानकात बसत नाही हे कळल्यावर तो बाजारातून काढून घ्यायचा आणि अधिकाऱ्यांना कळवायचे, असे कलम २८ सांगते, आणि आपल्या हातात आता तो अहवाल आहे. पण कायद्याचे सोडा. परभणीच्या शाळेच्या डब्यात जाणारी शेव जर्मनीत नाकारलेली असावी, हे मला या व्यवसायातला माणूस म्हणून सहन होत नाही. त्याच लॉटच्या काळातली जी शेव इथे विकली गेली तिचेही राखीव नमुने काढून तपासायला द्या.

सुरुवात मात्र प्रयोगशाळेपासून करू नका. उद्या सकाळी हीटर चालू होण्याआधी एक्स्पान्शन टाकीच्या काचेवर खडूने पातळीची खूण करा, तारीख आणि तापमान लिहा, आठ दिवस कोणालाही कॅन ओतू देऊ नका, आणि रोज त्याच थंड अवस्थेत पातळी पाहा. टाकी फारच उतरली आणि भरावीच लागली तर किती लीटर ओतले ते त्याच काचेशेजारी लिहून ठेवायला सांगा. पातळी हलली नाही तर नमुन्यांचा संच टँकरपासून सुरू करून पाठवा. हलली तर फ्रायर थांबवून एक्स्चेंजर दाबावर तपासेपर्यंत पुढचा घाणा काढू नका.